पहिले सत्र वेळापत्रकात यावे : प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य

विषय : प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे महाविद्यालयात रुळणे आणि त्यांच्या करिअरची तयारी



बारावीनंतर पदवीच्या वर्गात आलेला विद्यार्थी टिकणार की मधेच गळणार, याची चिन्हे पहिल्या सत्रातच दिसू लागतात. जून-जुलैत प्रवेश, पावसाळाभर तासिका आणि दिवाळीच्या सुमारास सत्र परीक्षा, एवढ्या चार-साडेचार महिन्यांत त्याला नवा अभ्यासक्रम, नवी परीक्षापद्धत, अनेकदा नवी भाषा आणि नवे गाव यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. मदतीची गरज याच काळात सर्वांत जास्त असते. पण स्वागत समारंभ पहिल्या आठवड्यात उरकतो, करिअर मार्गदर्शन तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस सुरू होते आणि मधली जागा रिकामी राहते. रुळणे आणि करिअरची तयारी हे एकच काम आहे, ते पहिल्या सत्रात सुरू व्हावे लागते आणि त्याला वेळापत्रकात तास लागतो, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

प्रथम वर्षाचे बदललेले रूप

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांतील ४५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, तेव्हापासून या महाविद्यालयांतील पदवीच्या विद्यार्थ्यांचे पहिले वर्ष बरेच गुंतागुंतीचे झाले आहे.

पूर्वी एफवायला प्रवेश घेतला की विषय जवळपास ठरलेले असत. आता अभ्यासक्रम श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, मोजला जातो. १५ तासांच्या अध्यापनाला किंवा ३० तासांच्या प्रात्यक्षिकाला १ श्रेयांक मिळतो. सर्वसाधारणपणे सत्राला २२, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६ श्रेयांक लागतात. ते मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक विषय, व्यावसायिक कौशल्य, भाषिक क्षमता, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि सह-अभ्यासक्रम अशा गटांत विभागलेले असतात. पहिले वर्ष पूर्ण करून थांबणाऱ्याला आणखी ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केल्यावर प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्या वर्षानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी मिळते. मिळवलेले श्रेयांक ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात आणि ठरावीक मुदतीत परत येऊन शिक्षण पुढे नेता येते.

रचना लवचीक आहे. मात्र लवचीकतेचा लाभ घेण्यासाठी ती आधी समजावी लागते. प्रत्यक्षात दुय्यम आणि खुल्या विषयांची निवड अनेकदा नेट कॅफेत प्रवेशअर्ज भरताना, कोणत्या विषयाच्या जागा उरल्या आहेत किंवा मित्राने काय घेतले आहे एवढे पाहून होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दिशा ज्या निवडीवर ठरते, ती निवड विद्यार्थी सर्वांत कमी माहितीच्या क्षणी करतो.

वर्गात येणारे विद्यार्थी

प्रथम वर्षाचा वर्ग एकसारखा नसतो. त्यातल्या निदान चार गटांच्या अडचणी वेगवेगळ्या असतात.

पहिला गट मराठी माध्यमातून आलेल्यांचा. कला आणि वाणिज्य शाखांत अनेक ठिकाणी मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा असते. विज्ञान शाखेत मात्र ग्रंथ, प्रात्यक्षिकाची वही आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात. या विद्यार्थ्याला विषय कळतो, पण प्रश्न कळत नाही, आणि तो गप्प बसतो. शिक्षकाला ही शांतता बेफिकिरी वाटू शकते.

दुसरा गट वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा पुन्हा देणाऱ्यांचा. बीएस्सीचा प्रवेश त्यांच्यासाठी हाताशी ठेवलेला पर्याय असतो. प्रवेशफेऱ्या लांबल्या की त्यांतले काही सत्र सुरू झाल्यावर निघून जातात. जे राहतात ते बराच काळ मनाने महाविद्यालयात आलेलेच नसतात. वर्ष वाया गेले या भावनेतून त्यांना बाहेर काढणे हे मार्गदर्शनाचे पहिले काम ठरते.

तिसरा गट अकरावी-बारावी ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीने केलेल्यांचा. कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरती नोंद आणि शिक्षण खासगी शिकवणीत, अशी दोन वर्षे गेल्यामुळे वर्गात बसणे, टिपणे काढणे, ग्रंथालयातून पुस्तक शोधणे या सवयी त्यांना लागलेल्याच नसतात.

चौथा गट रोज एसटीने येणाऱ्यांचा, आणि त्यात मुलींची संख्या लक्षणीय असते. सवलतीचा पास असला तरी परतीची गाडी चुकवून चालत नाही. दुपारनंतर ठेवलेले व्याख्यान, क्रीडा सराव किंवा राष्ट्रीय सेवा योजनेची बैठक या मुलींच्या वाट्याला येत नाही. अशा उपक्रमांतल्या अनुपस्थितीचे कारण पुष्कळदा आगाराच्या वेळापत्रकात सापडते.

या चारही गटांत घरातून पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली पिढी आढळते. ‘एटीकेटी’ म्हणजे काय, अंतर्गत गुण कसे मिळतात, प्राध्यापकांना कधी भेटायचे असते, या गोष्टी शिकलेल्या घरांत सहज कानावर पडतात. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला त्या कोणीतरी मुद्दाम सांगाव्या लागतात.

आधीच असलेल्या तरतुदी

या कामासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आखला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका सर्व शाखांसाठी प्रसिद्ध केली. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम सर्व महाविद्यालयांवर बंधनकारक आहेत. विद्यार्थ्याने व पालकाने द्यायचे हमीपत्र आणि १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक ही त्या व्यवस्थेची अंगे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे आवश्यक आहे.

उणीव आहे ती या तरतुदींच्या अंमलबजावणीत. दीक्षारंभ एका दिवसाच्या भाषणांत आटोपला जातो, रॅगिंगविरोधी समितीचे फलक लागतात आणि शिक्षक-पालक योजनेच्या, म्हणजे एकेका शिक्षकाकडे सोपवलेल्या विद्यार्थ्यांच्या, याद्या ‘नॅक’ मूल्यांकनाच्या फायलीत जातात. ज्या कामाला तास नसतो आणि ज्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नसते, ते कागदावरच राहते. म्हणून सत्राच्या क्रमाने कोणते काम केव्हा करायचे, हे महाविद्यालयाने आधीच ठरवणे इष्ट ठरते.

प्रवेशापासून पहिल्या तासिकेपर्यंत

या टप्प्यावर विद्यार्थ्याचा सर्वाधिक वेळ कागदपत्रांत जातो. ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, योजनेप्रमाणे जातीचा दाखला किंवा नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आणि आधार जोडलेले बँक खाते लागते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम् अशा योजनांचे निकष एकमेकांपासून वेगळे आहेत. एका दाखल्यासाठी तहसील कचेरीत पडलेल्या दोन-तीन फेऱ्या म्हणजे तितक्याच दिवसांच्या तासिका बुडणे. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडताळणीविना अडकून राहिला, तर नुकसान थेट विद्यार्थ्याचे होते.

यावर उपाय साधा आहे. प्रवेशाच्या खिडकीशेजारीच मदतकक्ष असावा आणि तो द्वितीय-तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवावा. त्यांनी हे अर्ज स्वतः भरलेले असतात, त्यामुळे अर्ज कुठे अडकतो हे त्यांना नेमके माहीत असते. कोणत्या योजनेला कोणते कागद लागतात याचा मराठीतला एकपानी तक्ता, श्रेयांक खात्याची नोंदणी आणि एसटी पासचा अर्ज एकाच टेबलावर झाले, तर पहिल्या महिन्यातल्या बऱ्याच गैरहजेरीचे कारणच उरत नाही.

पहिले दोन आठवडे

या काळात चार गोष्टी समजणे पुरेसे असते : श्रेयांकांची रचना, परीक्षेची पद्धत, ग्रंथालयाचा वापर आणि तक्रारीचा मार्ग. सभागृहात पाचशे जणांसमोर दिलेल्या व्याख्यानातून त्या पोहोचत नाहीत. त्यासाठी वर्गनिहाय तास लागतो आणि त्या तासाला विद्यार्थ्याच्या हातात त्याचा स्वतःचा विषयतक्ता असावा लागतो. कोणता दुय्यम विषय घेतल्यास पुढे कोणती पदव्युत्तर वाट उघडते आणि निवड कोणत्या तारखेपर्यंत बदलता येते, हे याच वेळी सांगितले तर नेट कॅफेत झालेली चूक दुरुस्त करण्याची संधी राहते.

परीक्षेबाबत सर्वांत मोठा गैरसमज अंतर्गत मूल्यमापनाविषयी असतो. बारावीपर्यंत वर्षाचा निकाल मुख्यतः एका बोर्डाच्या परीक्षेवर लागलेला असतो. येथे चाचणी, गृहपाठ, सादरीकरण आणि उपस्थिती यांच्यातून गुण सत्रभर जमत जातात. परीक्षेआधीच्या महिन्यात अभ्यास करून भागेल, ही बारावीची सवय पहिल्या सत्रात महागात पडते.

सहाव्या आठवड्यापर्यंत

टिकणाऱ्या आणि गळणाऱ्या विद्यार्थ्यांतला फरक साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत हजेरीपटावर उमटतो. ७५ टक्के उपस्थितीचा नियम सत्राच्या शेवटी नोटीस लावण्यासाठी वापरला जातो, तेव्हा उशीर झालेला असतो. सलग चार-पाच दिवस न आलेल्या विद्यार्थ्याला त्याच आठवड्यात फोन गेला, तर कारण कळते आणि ते बहुतेक वेळा सुटण्यासारखे असते : शेतीची कामे, घरातले आजारपण, वसतिगृहाची न मिळालेली जागा, शिकवणीच्याच वेळी येणाऱ्या तासिका.

हे काम शिक्षक-पालकाचे आहे. एका शिक्षकाकडे वीस-पंचवीसहून अधिक विद्यार्थी असल्यास तो त्यांना नावाने ओळखू शकत नाही. आठवड्यातून एक ठरलेला तास, प्रत्येक विद्यार्थ्याशी सत्रात निदान दोन स्वतंत्र भेटी आणि त्यांची दोन ओळींची नोंद, एवढ्यावर ही योजना जिवंत राहते. यात एक अडचण मोकळेपणाने मान्य करावी लागते. अनेक महाविद्यालयांत पदे रिक्त आहेत आणि प्रथम वर्षाचे बरेच अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षक करतात. त्यांना मानधन शिकवलेल्या तासाचे मिळते. विद्यार्थ्याशी बोलण्याचा तास वेळापत्रकात नसेल, तर त्याचे मानधनही नसते. विनामोबदला काम त्यांच्यावर ढकलून ही योजना चालणार नाही. हा तास अधिकृतपणे नोंदवणे, हाच तिचा पाया आहे.

भाषेचा प्रश्नही याच काळात हाताळावा लागतो. राज्याच्या भाषा संचालनालयाने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, अर्थशास्त्र अशा अनेक विषयांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले आहेत. प्रत्येक विभागाने पहिल्या सत्रातील शंभर-दीडशे संज्ञांची द्विभाषिक यादी वर्गात दिली आणि पहिल्या महिन्यात संकल्पना मराठीत समजावून इंग्रजी संज्ञेपर्यंत नेली, तर गप्प बसलेल्यांपैकी बरेच जण बोलू लागतात. ‘इंग्रजी संभाषण’ नावाच्या सर्वसाधारण वर्गापेक्षा आपल्याच विषयाचा प्रश्न वाचून त्यात काय विचारले आहे हे ओळखण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो.

चाचणी, एटीकेटी आणि मनाचे स्वास्थ्य

पहिल्या चाचणीचे गुण हा दुसरा महत्त्वाचा टप्पा. बारावीत पंचाहत्तर-ऐंशी टक्के मिळवणाऱ्याला येथे पहिल्यांदा निम्म्याहून कमी गुण दिसू शकतात. ‘एटीकेटी आहे ना’ या दिलाशात धोका असतो. अनुत्तीर्ण विषय घेऊन पुढच्या सत्रात जाता येते, पण ते विषय साचत जातात आणि शेवटी पदवीच अडकते. चाचणीनंतर आठवडाभरात उत्तरपत्रिका दाखवणे, चूक कुठे झाली ते सांगणे आणि मागे पडलेल्यांसाठी वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या मदतीने छोटे अभ्यासगट बसवणे, हा कमी खर्चाचा उपाय आहे.

घर सोडून आलेल्यांना याच सुमारास एकटेपणा जाणवतो. समुपदेशकाची खोली कार्यालयाच्या रांगेत, सर्वांच्या नजरेसमोर असेल तर तिकडे कोणी फिरकत नाही. जागा आडबाजूला असावी, वेळ ठरलेली असावी आणि गोपनीयता पाळली जावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापण्यास फारसा खर्च येत नाही. शिक्षकाने समुपदेशक होण्याची गरज नाही. झोप उडणे, अचानक अबोल होणे, निरवानिरवीची भाषा ही लक्षणे ओळखून विद्यार्थ्याला योग्य व्यक्तीपर्यंत नेणे एवढी त्याची जबाबदारी असते.

पैसा आणि काम

विद्यार्थ्याच्या निवासाची आणि पोटाची सोय हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात १९४७ पासून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व पदवीच्या शिक्षणाला जोडले. पुण्यात डॉ. अच्युत शंकर आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांना निवासाबरोबर स्वावलंबनाची सवय लावली.

आज विद्यापीठांच्या कमवा व शिका योजना आहेत, पण त्यांची माहिती प्रथम वर्षापर्यंत उशिरा पोहोचते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, रोपवाटिका किंवा कार्यालयातील रोजचे दोन-तीन तासांचे काम विद्यार्थ्याला पैशाबरोबर महाविद्यालयात एक जागा आणि एक ओळख देते. नोंदी ठेवणे, वेळ पाळणे, लोकांशी बोलणे ही कामाच्या जगाची पहिली शिकवणही त्यातच मिळते. प्रथम वर्षासाठी यांतल्या काही जागा राखून ठेवल्या, तर हॉटेलात किंवा गोदामात रात्रपाळी करून सकाळच्या तासाला पेंगणाऱ्यांची संख्या कमी होईल.

करिअरची तयारी

प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला प्लेसमेंटची गरज नसते. त्याला वाटांची ओळख हवी असते. नव्या रचनेत दुसऱ्या वर्षापासून क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्काचे काम येते आणि सहाव्या सत्रात ४ श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे, कार्य प्रशिक्षण असते. हे प्रशिक्षण कोठे करायचे याचा शोध पाचव्या सत्रात सुरू झाला, तर ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणण्याचा मोह होतो. पहिल्या वर्षी तालुक्यातील कामाची ठिकाणे पाहून झाली असतील, तर निवड विचाराने होते.

ही ठिकाणे शोधायला दूर जावे लागत नाही. लोटे-परशुराम औद्योगिक परिसरातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला गुणवत्ता नियंत्रणाची प्रयोगशाळा, इचलकरंजी-सोलापूरच्या वाणिज्य विद्यार्थ्याला वस्त्रोद्योगाचे हिशेब आणि जीएसटी, सांगलीच्या विद्यार्थ्याला हळदीचा बाजार, भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशे व भूमापनाचे डिजिटल काम, इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी कागदपत्रांचे वाचन, मराठीच्या विद्यार्थ्याला अनुवाद, मुद्रितशोधन आणि उपशीर्षके असे पर्याय दाखवता येतात. सत्रात दोन कार्यस्थळ भेटी आणि दर महिन्याला एका माजी विद्यार्थ्याची गप्पांची तासिका पुरेशी होते. अतिशय यशस्वी पाहुण्यापेक्षा चार-पाच वर्षांपूर्वी याच वर्गातून बाहेर पडून जवळपासच काम करणारा माणूस अधिक उपयोगी ठरतो, कारण त्याचा पहिला पगार, पहिली मुलाखत आणि पहिला नकार विद्यार्थ्याच्या आवाक्यातले असतात.

स्पर्धा परीक्षांचा विषय स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी आवश्यक असते आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला पूर्व परीक्षेचा अर्ज करता येतो. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे प्रथम वर्षात वर्ग सोडून अभ्यासिकेत बसण्यापेक्षा पदवीचा विषय नीट शिकणे, रोज वर्तमानपत्र वाचणे आणि आठवड्याला एक निबंध लिहिणे ही अधिक भक्कम तयारी आहे. अर्जांच्या मानाने जागा फार थोड्या असतात, हे पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगणे आणि प्रत्येक इच्छुकाकडून त्याच पदवीवर उभी राहणारी दुसरी वाट लिहून घेणे हितावह आहे. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांत अनेक तरुणांची ऐन विशी कशी सरते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसी यांचेही करिअरशी नाते आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. गावाचे सर्वेक्षण करणे, बैठक चालवणे आणि अहवाल लिहिणे ही तिथली कामे पुढे कुठल्याही नोकरीत उपयोगी पडतात. ती केल्याची नोंद विद्यार्थ्याच्या बायोडाट्यात नीट उतरेल अशी शिकवण पहिल्या वर्षाच्या अखेरीस दिली, तर तिसऱ्या वर्षी कोरा कागद समोर येत नाही.

मोजमाप आणि अंमलबजावणी

या कामाचे यश कार्यक्रमांच्या छायाचित्रांवरून मोजता येत नाही. चार आकडे पुरतात : सहाव्या आठवड्याची सरासरी उपस्थिती, पात्र विद्यार्थ्यांपैकी शिष्यवृत्तीचा अर्ज पूर्ण झालेल्यांचे प्रमाण, पहिल्या सत्रात सर्व विषयांत उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण आणि दुसऱ्या वर्षात प्रत्यक्ष प्रवेश घेतलेल्यांचे प्रमाण. हे आकडे मुली आणि मुले, मराठी आणि इंग्रजी माध्यम, वसतिगृहातले आणि एसटीने येणारे असे वेगळे मांडले, तर मदत कुठे कमी पडते ते दिसते. सोडून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याशी एकदा बोलून कारण नोंदवले, तर पुढच्या वर्षीच्या आखणीला आधार मिळतो.

अंमलबजावणीसाठी महाविद्यालयाच्या पातळीवर घेण्याजोगे निर्णय पाच आहेत : प्रथम वर्षाच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक मार्गदर्शन तास, तोही एसटीची परतीची गाडी सांभाळून, त्या तासाची शिक्षकाच्या कार्यभारात नोंद, प्रवेशकाळात वरिष्ठ विद्यार्थ्यांचा मदतकक्ष, एक जबाबदार प्रथम वर्ष समन्वयक, आणि वर्षअखेरीस वरील चार आकड्यांचा महाविद्यालय विकास समितीसमोर अहवाल. स्वायत्त महाविद्यालये हा तास सह-अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत बसवू शकतात आणि संलग्न महाविद्यालये त्यासाठी विद्यापीठाकडे एकत्रित मागणी करू शकतात. नव्या प्रवेशांची घोषणा होण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळी सुट्टीतच, हे निर्णय झाले तर येत्या जूनच्या वेळापत्रकात त्यांना जागा मिळेल.